ग्राफिक डिझाइनचा इतिहास शिकून वेबसाइट वापरायला सोपी होते का?

तुमचा प्रश्न असा आहे की इंजिनिअरिंग झाल्यावर यूएक्सचा, म्हणजे साइट आणि ॲप वापरणाऱ्याला सोपं जाईल असं डिझाइन करायचा, कोर्स लावलाय, पहिल्याच सेमिस्टरला बाउहाउस, स्विस स्टाइल, पोस्टरचा इतिहास असं सगळं आलंय, आणि याचा आजच्या वेबसाइटच्या यूजेबिलिटीशी खरंच काही संबंध आहे की नुसतं परीक्षेपुरतं पाठ करायचं? मी पुण्यातच कमर्शियल आर्ट शिकले, सुरुवातीला नारायण पेठेतल्या एका छापखान्यात डीटीपी केलं आणि आता बरीच वर्षं वेबसाइट आणि ॲपचं काम करते, त्यामुळे दोन्हीकडचं जवळून पाहिलंय. संबंध आहे, भरपूर आहे. फक्त तो इतिहास स्टाइलची यादी म्हणून शिकवला जातो, अमक्या साली अमकी चळवळ, तमका डिझायनर, लाल काळा रंग, तिरकी अक्षरं, आणि मग मुलांना वाटतं हे म्युझियममधलं काहीतरी आहे. कुठलंही जुनं डिझाइन समोर आलं की आधी विचारा की हे वाचणारा कोण होता, कुठे उभा होता, किती घाईत होता. हे विचारायला लागलात की तो सगळा इतिहास यूजेबिलिटीचाच इतिहास आहे हे दिसायला लागतं, फक्त तेव्हा तो शब्द वापरात नव्हता.

रस्त्यावरच्या पाट्यांचंच घ्या, माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आहे. १९५७ च्या सुमाराला ब्रिटनमध्ये मोटरवे बांधायला घेतले तेव्हा पाट्यांचं काम जॉक किनीर या डिझायनरकडे आलं आणि त्याने आपली विद्यार्थिनी मार्गारेट कॅल्व्हर्ट हिला सोबत घेतलं. तिकडच्या जुन्या पाट्यांवर गावांची नावं सगळी कॅपिटल अक्षरांत असायची. या दोघांचं म्हणणं होतं की वेगात जाणारा ड्रायव्हर अक्षरं सुटी सुटी वाचत बसत नाही, तो शब्दाचा आकार ओळखतो, आणि सगळी कॅपिटल असली की प्रत्येक शब्द म्हणजे एक चौकोनी ठोकळा होतो, म्हणून पहिलं अक्षर कॅपिटल आणि बाकीची स्मॉल ठेवायची. त्यासाठी त्यांनी ट्रान्सपोर्ट नावाचा टाइप, म्हणजे एका वळणाचा अक्षरसंच, बनवला, अक्षरांमधलं अंतर, कडेची मोकळी जागा, बाणाची जाडी, सगळं ठरवून. त्यावर जोरात वादही झाला, डेव्हिड किंडर्सली नावाच्या दगडात अक्षरं कोरणाऱ्या कारागिराने स्वतःची कॅपिटल अक्षरं पुढे केली, आणि मग एका विमानतळाच्या धावपट्टीवर माणसं बसवून, त्यांच्याकडे गाडीवर लावलेल्या पाट्या आणत आणत कुठलं अक्षर किती लांबून वाचता येतं ते मोजलं. फरक फारच थोडा निघाला, किंडर्सलीची अक्षरं किंचित सरसच ठरली, तरी निवड ट्रान्सपोर्टची झाली, कारण फरक एवढा थोडा असताना दिसायला काय बरं यावर ठरवता येत होतं.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे पाटी लावायच्या आधी खऱ्या माणसांवर तपासून पाहिली, आज आपण ज्याला यूजर टेस्टिंग म्हणतो तेच. दुसरी म्हणजे चाचणीचा आकडा हाच शेवटचा शब्द नव्हता, दिसण्याचाही विचार झाला. आणि हे जुनं प्रकरण म्हणून संपलेलंही नाही. ब्रिटिश सरकारच्या सगळ्या खात्यांची मिळून एकच साइट २०१२ मध्ये सुरू झाली, गव्ह डॉट यूके, जी सोपेपणासाठी जगभर दाखवली जाते, तिच्यावर न्यू ट्रान्सपोर्ट वापरतात, म्हणजे त्याच रस्त्यावरच्या अक्षरांवरून केलेला टाइप, आणि तो करण्यात स्वतः कॅल्व्हर्टचा हात होता. साइटवर येणारा माणूसही तसाच घाईत असतो, पेज वरून खाली सरकवत स्वतःला हवा तो एक शब्द शोधत असतो.

आता स्विस स्टाइल. कोर्समध्ये तुम्हाला हेल्व्हेटिका दाखवतील, १९५७ चा टाइप, आधीचं नाव नोय हास ग्रोटेस्क, आणि योझेफ म्यूलर-ब्रोकमनची पोस्टर्स दाखवतील आणि ग्रिड, म्हणजे पानाची रकान्यांत आखणी, शिकवतील. पण ग्रिडची गरज का पडली असेल ते नीट बघा. १९५८ पासून म्यूलर-ब्रोकमन आणि आणखी तिघे मिळून नोय ग्राफिक नावाचं नियतकालिक काढायचे, आणि ते जर्मन, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन भाषांत एकाच अंकात असायचं. एकाच लेखाचा मजकूर तीन भाषांत कमीजास्त लांबीचा होतो, चित्रं तीच, आणि वाचणाऱ्याला आपली भाषा पटकन सापडली पाहिजे. रकाने पक्के ठरवल्याशिवाय हे जमतच नाही. आता आपल्याकडची कुठलीही मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तीन भाषांतली साइट आठवा, भाषा बदलली की मेनू दोन ओळींत जातो, बटणातला शब्द बाहेर येतो, कुठला तरी डबा खाली ढकलला जातो. ग्रिड या त्रासावरचा उपाय होता. आमच्याकडे येणारी बरीच मुलं मात्र बारा कॉलम आखतात आणि विचारलं की बाराच का, तर बूटस्ट्रॅप या वेबपेजच्या तयार साच्यांत असतात म्हणून. बाराला दोन, तीन, चार आणि सहाने भाग जातो म्हणून ते सोयीचे पडतात, पण तुमच्या मजकुराला पाचच रकाने लागत असतील तर पाच घ्या ना.

अजून एक व्यक्ती आहे जिचं नाव कोर्समध्ये क्वचितच येतं आणि यूएक्समध्ये जाणाऱ्या प्रत्येकाने तिच्याबद्दल वाचलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, मारी रायडेमाइस्टर, पुढे मारी नॉयराथ. व्हिएन्नामध्ये १९२५ साली ओटो नॉयराथने सामान्य कामगार लोकांना आकडेवारी कळावी म्हणून एक म्युझियम सुरू केलं, त्यातून चित्रांची जी पद्धत तयार झाली ती पुढे आयसोटाइप नावाने ओळखली गेली. तिथे एका बाजूला आकडे देणारे तज्ज्ञ असायचे, दुसऱ्या बाजूला गेर्ड आर्न्ट्झसारखे चित्रकार, आणि मधे मारीचं काम होतं, या ढिगातलं लोकांना नेमकं काय सांगायचंय, काय गाळायचं, कशाशेजारी काय ठेवायचं हे ठरवायचं आणि कच्चं रेखाटन करून चित्रकाराला द्यायचं. हे काम करणाऱ्याला ते लोक ट्रान्सफॉर्मर म्हणायचे. तुम्ही उद्या यूएक्स डिझायनर म्हणून कंपनीत बसाल तेव्हा बरोब्बर हेच कराल, एका बाजूला डेटा आणि डेव्हलपर, दुसऱ्या बाजूला स्क्रीन. त्यांचा एक नियम तर मी आजही डॅशबोर्ड करताना लावते, संख्या दुप्पट दाखवायची असेल तर चित्र मोठं करायचं नाही, तेच चित्र दोनदा काढायचं. कारण माणसाचं चित्र उंचीला दुप्पट केलं की रुंदीलाही होतं, क्षेत्रफळ चौपट होतं आणि बघणाऱ्याला वाटतं किती प्रचंड वाढ झाली.

नकाशाचं फक्त सांगून पुढे जाते. लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेकचा १९३३ चा नकाशा बघा आणि मग पुणे मेट्रोचा डब्यातला नकाशा बघा. पर्पल आणि ॲक्वा या दोन लाइन सरळसोट काढलेल्या, जिल्हा न्यायालय स्टेशनला (आधीचं सिव्हिल कोर्ट) एकमेकींना भेटतात, खाली नदी कशी वळते याच्याशी प्रवाशाला काही देणंघेणं नाही, त्याला गाडी कुठे बदलायची एवढंच हवंय.

आता या इतिहासाचा तोटा कुठे होतो तेही सांगते, कारण तो होतो. छापायच्या कामात कागद ठरलेला असतो. माप डेमी की क्राउन हे एकदा ठरलं की शब्द कुठे बसणार ते डिझायनरच्या हातात, छापून झालं की वाचणारा त्यात काही बदल करू शकत नाही. वेबवर तसं नाही, वाचणारा अक्षर मोठं करतो, मोबाइल आडवा धरतो, चित्रं बंद करतो, कुणी दिसत नसल्यामुळे पेज ऐकतो. नव्वदच्या दशकात प्रिंटमधून आलेल्या लोकांना हे पचलंच नाही, त्यांनी तक्त्यांसाठी असलेली टेबलं वापरून, मधे न दिसणारी एक पिक्सेलची चित्रं घुसवून वेबपेजला कागदासारखं जखडून टाकलं. दिसायला सुंदर, पण स्क्रीन बदलली की सगळं मोडायचं, आणि पेज ऐकणाऱ्या माणसाला तर त्या टेबलांतून कशाचा काही अर्थ लागायचा नाही. सीएसएस, म्हणजे पेज कसं दिसावं ते ब्राउझरला सांगणारी भाषा, १९९६ मध्येच आलं होतं, पण ईथन मार्कोटने २०१० मध्ये रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची, म्हणजे स्क्रीनप्रमाणे बदलणाऱ्या पेजची, कल्पना मांडेपर्यंत बहुतेक लोक एका ठरलेल्या रुंदीचंच पेज करत राहिले, आणि ब्राउझरमध्ये खरा सीएसएस ग्रिड आला तो थेट २०१७ मध्ये. म्हणजे स्विस लोकांनी त्याच्या जवळजवळ साठ वर्षं आधी हाताने आखलेली गोष्ट वेबला मिळायला इतका वेळ लागला, पण मिळाली ती जास्त चांगली, कारण आता रकाने स्क्रीनप्रमाणे लहानमोठे होतात.

आणि नुसतं दिसणं उचललं की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे फ्लॅट डिझाइन. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये विंडोज फोन आणला त्याची प्रेरणा उघडउघड स्विस टायपोग्राफी आणि स्टेशनातल्या पाट्या हीच होती, मग २०१३ मध्ये आयओएस ७ आलं आणि सगळीकडे सावल्या, उठाव, कडा गायब झाल्या. पोस्टरवर हे चालतं कारण पोस्टरला कुणी बोट लावत नाही. पाटीवरही चालतं. पण स्क्रीनवर दाबायच्या गोष्टी असतात, आणि दाबायची गोष्ट आणि नुसतं वाचायची गोष्ट सारखीच दिसली तर माणसाने ओळखायचं कसं? वेबच्या सुरुवातीची ती निळी अधोरेखित लिंक अनेक डिझायनरना कुरूप वाटायची, पण दाबता येतं हे तिच्याइतकं स्पष्ट आजही दुसरं काही सांगत नाही, आणि मजकुराच्या मधे लिंक आली की मी अजूनही अधोरेखा काढू देत नाही.

आता ज्याबद्दल मला खरं बोलायचंय तिथे येते, आपली लिपी. वरचा सगळा इतिहास रोमन अक्षरांचा आहे. वेबची सगळी डिफॉल्ट मापं त्याच इतिहासातून आली आहेत आणि आपण ती जशीच्या तशी मराठीला लावतो. छापखान्यात मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते काका आधी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे, ट्रेडल मशीनच्या काळातले, नंतर कॉम्प्युटरवर आले. ते माझ्या प्रत्येक पानावर एकच गोष्ट आधी बघायचे, दोन ओळींमधली जागा. म्हणायचे, "अगं, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांच्या अंगावर येतायत, यांना श्वास घेऊ दे." खिळ्यांच्या काळात ओळींमधे शिशाच्या पट्ट्या घालायच्या आणि मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त घालायच्या हे त्यांना हातानेच ठाऊक होतं.

कुठल्याही मराठी साइटवर जाऊन "तुम्ही पूर्वी भरलेल्या" अशी ओळ आणि तिच्या खाली "विद्यार्थ्यांची माहिती" अशी ओळ बघा. वर तु चा उकार आणि पू चा ऊकार खाली लोंबतायत, खालून र्थ्यां चा रफार आणि अनुस्वार वर येतायत. इंग्रजीसाठी ठेवलेली १.२ ची लाइन हाइट, म्हणजे अक्षराच्या मापाच्या १.२ पट ओळीची उंची, असेल तर तिथे नुसता काळा गठ्ठा होतो. मराठीला मी १.६ च्या खाली जात नाही, लांबलचक मजकुराला १.७ किंवा १.८ ठेवते. शिवाय त्याच पॉइंट साइजला देवनागरी लहान दिसते, कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना जागा सोडताना मधलं अक्षर आखूड होतं, म्हणून इंग्रजी १६ असेल तर मराठी १८ ठेवायची.

आणि बटणं! इंग्रजीत फॅशन आहे, सगळी कॅपिटल अक्षरं आणि त्यात थोडं अंतर, दिसायला छान दिसतं. तीच सीएसएस मराठीला लागली की कॅपिटलचा काही परिणाम होत नाही कारण आपल्याकडे कॅपिटल नाहीतच, पण अंतर लागतं, आणि शिरोरेषा तुटते. शब्द एकसंध दिसायच्या ऐवजी सुटी अक्षरं शेजारी शेजारी ठेवल्यासारखी दिसतात. किनीर आणि कॅल्व्हर्टने शब्दाच्या आकारासाठी एवढा वाद घातला, आणि आपल्या शब्दाला तर आकार बांधून देणारी रेषा आयती मिळालीये, ती आपण एका सीएसएसच्या ओळीने तोडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

हे नुसतं सौंदर्याचं नाही. प्रवेशअर्जाच्या एका साइटवर काम करताना आम्ही हडपसरच्या एका ताईंना मोबाइलवर मुलीचा फॉर्म भरायला दिला होता. त्यांनी नाव, पत्ता सगळं भराभर भरलं आणि थांबल्या. खाली "पुढे जा" असं बटण होतं, फिकट राखाडी, बारीक अक्षरांत, मधे अंतर सोडलेलं, कड नाही, काही नाही. म्हणाल्या, "झालं की भरून, आता काय करायचं?" मी विचारलं खाली काय दिसतंय, तर म्हणाल्या काहीतरी लिहिलंय पण ते आपल्यासाठी नसेल. बटण गडद केलं, अक्षर जाड आणि मोठं केलं, अंतर काढलं, भोवती रंग भरला, पुढच्या वेळी दुसऱ्या बाईंवर थांबायची वेळच आली नाही. पांढऱ्यावर फिकट राखाडी म्हणजे कॉन्ट्रास्ट, अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, जेमतेम दोन-अडीचपट पडतो, आणि वेबच्या ॲक्सेसिबिलिटी नियमांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीत, साध्या मजकुराला किमान ४.५ पट लागतो हे २००८ पासून लिहिलेलं आहे.

आपल्याकडे स्वतःचा इतिहास नाही असंही समजू नका. गणपत कृष्णाजींनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच छापील मराठी पंचांग काढलं, मुंबईत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा, आपल्या पुण्यात केसरीसाठी टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करायला डोकं घातलं होतं, बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांवर मोठं काम करून ठेवलंय, र. कृ. जोशींनी मंगल फॉन्ट केला ज्यावर कितीतरी वर्षं आपण सगळे मराठी वाचत आलो. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी घरात भिंतीवरचं कालनिर्णय बघा, १९७३ पासून येतंय. स्वयंपाकघराच्या दारातून तारीख दिसते, रविवार लाल असल्यामुळे आठवडा कुठे बदलतो ते दिसतं. दोन पावलं पुढे गेलात की तिथी आणि सण. अगदी जवळ गेलात की संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता ते. एकाच चौकोनात तीन अंतरांवरून वाचायची तीन माणसं धरलेली आहेत आणि कुणाचं कुणाला अडत नाही. मोबाइलवरच्या कार्डात काय मोठं, काय लहान हे ठरवताना मी मुलांना आधी हेच बघायला लावते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं व्यवहारी उत्तर असं की सेमिस्टर नीट करा, पण प्रत्येक लेक्चरनंतर त्या काळातली एक वस्तू घ्या आणि ती कुणाची अडचण सोडवत होती ते एका पानात लिहून काढा. तारखा परीक्षेपुरत्या पाठ करा, चालेल. कोडिंग येत असेल तर तुमचा मोठा फायदा आहे, कारण मराठी पेजच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी अशी लिहायची साधी गोष्टही कितीजण करत नाहीत, आणि ती लिहिली की फॉन्टमध्ये सोय असेल तर आपला मराठी वळणाचा ल आणि श येतो, नाहीतर हिंदी वळणाचा दिसतो, आणि पेज वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही कुठल्या आवाजात वाचायचं ते कळतं. प्रोजेक्टचा विषय स्वतः निवडायला मिळाला तर स्वारगेटला किंवा मनपाच्या स्टॉपवर जाऊन उभे राहा, बस आल्यावर लोक पाटीवर आधी नंबर बघतात की नाव, किती लांबून वाचता येतं, कोण दुसऱ्याला विचारतं, कोण चष्मा काढतं, ते टिपून घ्या आणि त्यावरून वेळापत्रकाचं एक मोबाइल पेज करा, आधी फक्त मराठीत करा, इंग्रजी नंतर घाला. आणि ते पेज दाखवायला वर्गातल्या मित्रांकडे जाऊ नका, त्याच स्टॉपवर जा, दुपारच्या उन्हात, कारण कॉन्ट्रास्ट कमी पडला असेल तर तिथे लगेच कळतं.